अंबाडीमावशीचं मैदान

अंबाडीमावशी कुणाच्याही घरी आली की आधी परसात जायची. माणसांची विचारपूस मागाहून. लग्न होऊन मी आदिलाबादला आले तेव्हा ती आमच्याकडेही अशीच शिरली आणि मोरीमागून ओरडली, "अवो सूनबाई, हे आंघोळीचं पानी गल्लीत काऊन सोडून राह्यल्या? गल्लीत काय पिकते?" मी पदर सावरत बाहेर येईपर्यंत तिने कमरेची पुरचुंडी सोडून अंबाडीचं बी मातीत दाबलंसुद्धा होतं. शेजारच्या मसालेवाल्याची ही बायको. तिचं खरं नाव मला फार उशिरा कळलं.

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. जवळच्या तामसी गावाकडून भाजीच्या गाड्या कधी यायच्या, कधी नाही. रेशनवरच्या, कंट्रोलच्या ज्वारीत खडे निघायचे. पण त्याहून वाईट म्हणजे गल्लीतली माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. निजामाच्या वेळी कोण कुणाच्या बाजूने होता, एवढंच प्रत्येकाच्या मनात.

गल्लीमागे पूर्वी अंमलदारांचे घोडे बांधायचे, ते मैदान ओस पडलं होतं. सगळे तिथे कचरा टाकत. मावशीने एकदा तिथली माती मुठीत घेऊन हुंगली आणि हसत सुटली. "घोडे गेले अन् खत आपल्यासाठी ठेवून गेले!" मग ती दारोदार फिरली. कुणी कुरकुर केली की म्हणायची, "तुमचा कचरा तेथी हाय ना? मंग वाफाही तुमचाच." मराठी, तेलुगू, सगळी घरं खराटे आणि कुदळी घेऊन आली.

पाणी मात्र एकाच ठिकाणी होतं, पेशकारसाहेबांच्या विहिरीला. निजामाच्या कचेरीतले हे म्हातारे कारकून. राज्य गेल्यापासून त्यांचं फाटक बंद होतं. माझे सासरे, म्हणजे मामंजी, मावशीला म्हणाले, "त्या दारात कोनी जायचं नाई."

"काऊन? विहिरीनं काय केलं तुमचं?"

"त्यायचं पानी आपन प्यायचं का?"

"तुमाले कोन पाजून राह्यलं? अंबाडीले पाजायचं हाय!"

तिने मला सोबत घेतलं आणि बादलीनेच फाटक वाजवलं. आतून कापरा आवाज आला, "कौन है?" आतली माणसं भ्यायली आहेत, हे मला तेव्हा कळलं. मावशीने आवाज एकदम खाली आणला. "शेजारीन हाय जी. भाजीले पानी पायजे."

आता त्यांच्या बेगमसाहेबांनी विचारलं, "कौनसी भाजी?"

"अंबाडी!"

"हाय अल्ला, अंबाडा!" आणि कडी निघाली. त्या घराने कित्येक दिवसांत हिरवी भाजी पाहिली नव्हती.

मैदानाला मावशीने एकच कायदा लावला. पहिली खुडणी घरी न्यायची नाही. ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याच्याकडे पोचवायची. त्या पावसाळ्यात गल्लीत जी धांदल उडाली! ओच्यात भाजी लपवून बायका शत्रूच्या दारात घुटमळत उभ्या. तेलुगू मास्तरीणबाई पुंटीकुरा म्हणून जी जुडी देऊन गेल्या, तीच आमची अंबाडी. मामंजी आपल्या वाफ्यापाशी हट्टाने उभे राहिले, पानं जून व्हायला आली तेव्हा कुठे टॉवेलात जुडी गुंडाळून पेशकारसाहेबांकडे गेले. परतले ते बऱ्याच उशिराने, तोंडात विडा घोळवत. आम्हाला हसू आवरेना.

पुढे इतर मोहल्ल्यांतून बी मागायला माणसं येऊ लागली. पडक्या जागा, शाळेची मागची बाजू, ओढ्याचा काठ, जिकडेतिकडे वाफे झाले.

राज्यांची फेररचना झाली, आमचा जिल्हा आंध्रात गेला आणि मैदानावर नवी कचेरी बांधायचं ठरलं. मोजणीला समुद्राकडचा एक तरुण तेलुगू अधिकारी आला. गल्ली वाफ्यांभोवती उभी राहिली. मावशीला त्याची भाषा येईना. तिने भाजीने भरलेलं सूपच त्याच्यापुढे धरलं. त्याचा चेहरा उजळला. "गोंगूरा!" म्हणाला तो, अंबाडीचं आपल्याकडचं नाव घेत, घर आठवल्यासारखा. कचेरी झाली, पण अर्ध्याच मैदानावर. उरलेलं अर्धं त्याने आमच्याकडे ठेवलं.

"अर्धं त अर्धं," मावशी म्हणाली. "कचेरीतल्यायलेही भूक लागतेच."

मावशीचा मुलगा कोळशाच्या खाणीत लागला, म्हणून तिला मंचेरियलला जावं लागलं. सगळी गल्ली बस स्टँडवर लोटली. मी रडत होते, तर मलाच दटावलं, "रडतं काऊन व? तेथी म्हनते माती काळी हाय. पाहू त दे."

बस सुटायच्या बेतात असताना गर्दीतून काठी टेकत, शेरवानी घालून पेशकारसाहेब आले. विहिरीपलीकडे, बाजारात, इतक्या वर्षांत ते आलेच नव्हते. मावशी धडपडत बसमधून उतरली. "साहेब, तुमी बाहीर आले!" ती हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"आपा," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ते म्हणाले, "आप जा रही हैं, तो मैं कैसे नहीं आता?"

बस गेली. मामंजींनी साहेबांचा हात धरला आणि दोघे भर बाजारातून सावकाश निघाले. भाजीवालीच्या टोपलीपाशी साहेब थांबले. त्यांनी अंबाडीचं एक पान खुडून चावलं आणि नाक मुरडलं.

"नहीं," ते मामंजींना म्हणाले, "हमारी अच्छी है."