देवाची कणगी

आमच्या वडिलांच्या प्रामाणिकपणाचं आजही कोणी कौतुक केलं, की माझं डोकं भडकतं. ते प्रामाणिक होते, यात वाद नाही. रागही त्याचाच आहे.

पन्नास-पंचावन्न सालच्या सुमारास अनसिंगजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं पाचच होती. प्रत्येक घरची बाई दळायला बसण्याआधी ज्वारीची एक मूठ देवासाठी बाजूला काढायची. आम्ही नुसत्या आंबिलीवर दिवस काढत होतो तेव्हाही आईनं ती मूठ चुकवली नाही. पाचही घरची ज्वारी आमच्या घरातल्या कणगीत साठायची, कारण वडील मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, कारभारी. आखाड लागला की ते कणगीचं तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचे. सुगीच्या सणाला वाशीमहून पाळकसाहेब येत, त्यांच्यासमोरच ती उघडायची. तोवर तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

त्या वर्षी श्रावणात शेजारची बाळंतीण दारात आली. आमच्यातली नव्हती, पण भिंतीला भिंत लागून घर. नवरा कामाला म्हणून गेलेला, महिनाभर त्याची खबर नव्हती.

"भाऊ, पायलीभर जवारी द्या," ती म्हणाली. "माह्याच पोटात काई नाई, त लेकराले दूध कुठून येईन?"

"बाई, घरची असती त देली असती," वडील म्हणाले. "हे देवाची हाये. मी निस्ता राखणदार."

आई आतून कडाडली, "मंग देवालेच इचारा न! लेकरू कोनाचं हाये?"

आईनं आमच्या मडक्यातली होती नव्हती ती ज्वारी तिच्या पदरात ओतली. ती कितीशी पुरणार? तिसऱ्या दिवशी ती बाई लेकराला घेऊन पायीच किन्हीराजाला माहेरी निघाली. लेकरू तिथं पोचून आठवडाभरात गेलं. हे आम्हाला दिवाळीला कळलं. कळल्यावरही वडील तेवढंच म्हणाले, की देवाची इच्छा. देवाच्या नावावर किती खपवायचं माणसानं?

सुगीचा सण आला. पाळकसाहेबांसमोर वडिलांनी लिंपण फोडलं. आत ज्वारी नव्हतीच म्हणा. सोंडे किडे वळवळत होते आणि दाण्यांचा भुगा झाला होता. लिंपायच्या घाईत वडिलांनी ज्वारी एकदाही उन्हात घातली नव्हती. देवाचं म्हणून उघडायची भीती, आणि उघडली नाही म्हणून सगळी नासलेली!

वडील सगळ्यांसमोर गुडघ्यावर आले. देवाच्या धान्याची नासाडी झाली म्हणून रडत रडत देवाची क्षमा मागू लागले. पाळकसाहेबांचेही डोळे भरले. असा विश्वासू सेवक मंडळीला मिळाला म्हणून त्यांनी देवाचे उपकार मानले. मी तेव्हा लहान होते, तरी मला ओरडावंसं वाटत होतं.

प्रार्थनेत बायका कधी बोलत नसत. त्या दिवशी आई उठून उभी राहिली.

"देवाची माफी कायले मांगून राह्यले?" ती वडिलांना म्हणाली. "त्याचं काय गेलं? किन्हीराजाले जा."

मग पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं.

वडील त्यानंतर पंचवीस वर्षं जगले. रोज सकाळी गुडघे टेकून प्रार्थना करायचे. किन्हीराजाला कधी गेले नाहीत.