जागा बघणारा माणूस

शहरातल्या माणसाला पक्कं घर मिळालं की त्याला उघड्यावर झोपायची हौस येते. शहराच्या कडेच्या बाळे गावातल्या कुमारच्या घरात हे खूळ शिरलं ते सोनालीच्या शाळेतून. तिच्या वर्गातली एक पोरगी आईबापांबरोबर तंबूत राहून आली होती आणि तिनं ते पाचवीच्या अख्ख्या वर्गाला तिखटमीठ लावून सांगितलं होतं. मग काय, सोनाली आईच्या मागंच लागली. कुमार चिंचोळी एमआयडीसीत कामाला. लेकीचा हट्ट त्याला मोडवेना, त्यानं मोबाइलवरून चार माणसांचा निळा तंबू मागवून टाकला. तंबू आला, खाटेखाली गेला, आणि मग घरात खल सुरू झाला. शनिवारी जायचं, रविवारी यायचं, एवढं ठरलं. कुठं जायचं आणि काय काय न्यायचं, यावर घोडं अडलं.

कोपऱ्यात कुमारचा बाप बसला होता. भिमा. नातेपुत्याकडचा मेंढपाळ, वय साठीच्या पुढं कुठंतरी. दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड लादून मेंढरांमागं कोकणच्या अंगाला जायचं आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचं, यात त्याची चाळीस वर्षं गेलेली. वर्षातले सातआठ महिने कापडाचं पाल हेच त्याचं घर. असा माणूस घरात असताना पोरगा आपला मोबाइलमध्ये तोंड घालून तंबूत राहण्याची माहिती शोधत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. ते ध्यानात आलं सुनेच्या, पूनमच्या. मामांना विचारा की, असं ती नवऱ्याला म्हणाली.

विचारलं. भिमानं मान वर केली आणि पोराकडं बघत राहिला. त्याला प्रश्न ऐकू आला होता, कळलाही होता. पण हल्ली त्याच्यापर्यंत काही यायला वेळ लागायचा.

भादव्यात त्याची बायको गोजाबाई गेली. ताप अंगावर काढला, आठव्या दिवशी खेळ खलास. भिमा रडला नाही. सरणाजवळ नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. जे सांगितलं ते केलं, जिथं बस म्हणाले तिथं बसला. मेंढरं पुतण्याला देऊन टाकली तेव्हा ती रस्त्याला लागेपर्यंत बघत उभा राहिला, आणि मग आत जाऊन पाणी प्याला. गावातल्या बाया बोलायच्या, आणि बाया बोलतात तेव्हा ज्याच्याबद्दल बोलतात त्याला बरोबर ऐकू जाईल इतपतच हळू बोलतात. चाळीस वर्षं संसार केलेली बायको गेली आणि ह्याच्या डोळ्याला टिपूस नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

दिवाळीनंतर बाकीची घरं मेंढरं घेऊन निघाली. कुमार बापाला बाळ्याला घेऊन आला. इथं भिमा जेवायचा, झोपायचा, सोनालीला शाळेच्या गाडीपर्यंत सोडायचा. तक्रार म्हणून नाही. पण त्या बायांचं बोलणं त्याच्या आत रुतून बसलं होतं. खरंच की, त्याला वाटायचं. आपल्याला तिचं काही वाटलंच नाही की काय? तो तिला आठवायला बसायचा. नाव आठवायचं, लुगड्याचा रंग आठवायचा, आणि पुढं काहीच हलायचं नाही. म्हातारा दुःखात आहे असं घरच्यांना वाटत होतं. दुःख होत नाही याची त्याला भीती वाटत होती, आणि ही गोष्ट सांगायची तरी कुणाला?

कुमारनं पुन्हा विचारलं, की जागा कशी असावी. या खेपेला भिमा बोलला. पाणी जवळ हवं पण जागा सखल नको, ओल चढती. झाडाच्या बुडाशी नको. वाऱ्याच्या बाजूला आडोसा हवा. उभ्या पिकापासून लांब, म्हणजे शेतकऱ्याशी कटकट नाही. सांगताना त्याचा आवाज सपाटच होता, पण चार महिन्यांत एवढी वाक्यं त्यानं एका दमात बोलली नव्हती. कुमारला उमेद आली. त्याच्या कारखान्यातल्या मल्लिनाथचं शेत हिप्परगा तलावाच्या मागच्या अंगाला होतं. त्यातलं माळाचं रान पडीकच होतं, आणि कुठंही उतरा असं तो केव्हाच म्हणाला होता. बाप आपला रानातला गडी, रानात गेला की माणसात येईल, असा कुमारचा हिशेब.

मग यादी झाली. पातेलं, तवा, पीठ, शेंगाचटणी, पांघरुणं, बॅटरी. सोनालीनं वहीत लिहून घेतलं. अडचण एकच होती. शनिवारी कुमारची पाळी तीनला सुटायची, पूनमला शिवलेले ब्लाउज गिऱ्हाइकांना पोचवायचे होते, आणि एका मोटारसायकलवर तिघं, भांडी आणि वर तंबू काही बसत नव्हतं.

"आबा, तुमी सकाळीच तंबू घेऊन वडापच्या जीपनं फुडं जावा," कुमार म्हणाला. "जागा बगा, तंबू ठोका. आमी पाचापत्तुर येतोय."

भिमानं मान हलवली. पुढं जाऊन जागा बघायची, हे तर तो जन्मभर करत आला होता. चार घरांच्या मुक्कामाची जागा तोच बघायचा, आणि त्यानं बघितलेल्या जागेला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. कुमारचं बालपण आश्रमशाळेत गेलेलं, त्याला पालातली रीत ठाऊक असायचं कारण नव्हतं. पूनम गावात वाढलेली. तंबू ठोकता येतो का असं भिमाला कुणी विचारलं नाही. माशाला कुणी पोहता येतं का म्हणून विचारतं? खुद्द भिमाच्याही ते मनात आलं नाही.

शनिवारी दहाला तो तळ्याच्या मागं उतरला. पडीक रान त्यानं दोन वेळा चालून काढलं. टाचेनं माती उकरून बघितली, वारा कुठून येतोय ते अंगावर घेतलं, पाण्याच्या कडेला जाऊन चिखल कुठवर आहे ते बघितलं. बांधाच्या वरच्या अंगाला बाभळीच्या झुडपांचा आडोसा होता, खाली घट्ट मुरूम. जागा अशी, की बघणाऱ्यानं दोष काढून दाखवावा. भिमानं तंबूची पिशवी तिथं ठेवली, वाऱ्यानं हलू नये म्हणून तिच्यावर एक धोंडा ठेवला, काठी उचलली आणि चालू लागला.

मागं मेंढरू नव्हतं. तरी पाय निघाले ते निघालेच. जागा ठरवायची, बायकांना ती खूण सांगायची आणि आपण मेंढरांमागं रानात जायचं, हा रोजचा क्रम. बायका मागून घोडी घेऊन यायच्या. भिमा तळ्याच्या कडेकडेनं पार पलीकडं गेला, एका लिंबाखाली बसून पूनमनं दिलेली भाकरी खाल्ली, तिथंच लवंडला, उठला, पुन्हा चालला. डोक्यात काही नव्हतं. ऊन कलल्यावर तो माघारी वळला.

वाटेवर त्याची नजर सवयीनं धूर शोधू लागली. धूर दिसेना. बांधाजवळ आला तरी दिसेना. दिवसभर चालून पाय बोलत होते, पोटात कावळे कोकलत होते, आणि अजून चूल नाही, पाल नाही, काही म्हणता काही नाही. भिमाला राग आला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला काहीतरी आलं, आणि तो राग होता.

"गोजे!" तो बांधावरनंच ओरडला. "दिस बुडाया आला, करतीस काय?"

मोकळ्या रानात धोंड्याखाली निळी पिशवी होती, सकाळी ठेवलेली, तशीच.

भिमा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. मग खाली बसला. धोंडा बाजूला केला, चेन उघडली, आतलं सगळं भुईवर ओतलं. कापड, दोऱ्या, काठ्या, खुंट्या. त्यातलं पहिलं काय उचलायचं ते त्याला कळेना. त्यानं एक खुंटी उचलली आणि हातात धरून बसून राहिला.

घरची मंडळी आली तेव्हा तो तसाच बसला होता. उशीर झाल्यानं कुमार वाटेतच वैतागला होता. दिवसभर केलं काय, असं तो बापाला विचारून बसला. बरं वाटत नाही का, हे पूनमनं विचारलं.

"मला येत न्हाय," भिमा म्हणाला.

कुमारला ती थट्टा वाटली. उभा जन्म पालात गेलेला माणूस, आणि येत नाही?

"न्हाय येत. मी रानातनं यायचो तवा पाल हुबं आसायचं. चूल पेटलेली आसायची." भिमानं हातातली खुंटी फिरवून बघितली. "ती कसं हुबं करायची ते मी कदी बगितलंच न्हाय."

 मग पूनमनं पदर खोचला. तंबूबरोबर आलेला कागद सोनालीनं वाचायचा आणि आईनं करायचं, असं ठरलं. कुमार चुलीला दगड शोधायला गेला, आणि भिमा धोंड्यावर बसून तळ्याकडं बघत राहिला. काठ्या एकीत एक गेल्या, कापड ताणलं, दोऱ्या आवळल्या. पाव तासात तंबू उभा. सोनालीनं आत जाऊन लोळण घेतली आणि आजोबाला हाक मारली. भिमानं मागं वळून बघितलं. तंबू उभा होता.

तो उठून आला. तंबूभोवती एक फेरा मारला, दोरीला हात लावून बघितला.

"पूनम," तो म्हणाला, "ह्यो सोड."

"काय झालं मामा? चुकलं का कुटं?"

"चुकलं न्हाय. सोड, आन पयल्यापासनं परत ठोक. मला बगायचंय."

चुलीपाशी कुमार काहीतरी बोलायला गेला, पूनमनं त्याला नजरेनंच गप्प केलं. तिनं सोनालीला बाहेर बोलावलं, खुंट्या उपटल्या, दोऱ्या सोडल्या, कापड भुईवर निजवलं. भिमा तिच्यासमोर हाताच्या अंतरावर येऊन मांडी घालून बसला. पूनमनं पहिली काठी उचलली आणि अगदी सावकाश, त्याला दिसेल अशी, दुसरीत सरकवली. वाकून खुंटीवर दगड मारला. सरकून दुसऱ्या खुंटीशी गेली, पुन्हा वाकली. चार महिने वर्गात दुखणाईत पोर बसावं तसा बसलेला माणूस तिच्या हातांकडं डोळे फाडून बघत होता. एवढं वाकणं. रोज. दिवसभर घोड्यामागं चालून आल्यावर, पोटुशी असताना, त्या शेवटच्या वर्षी गोजाचे गुडघे धरले होते तेव्हासुद्धा.

तिसऱ्या खुंटीला त्याच्या डोळ्यांना धार लागली. ती दाढीत उतरली, गळ्यावरनं सदऱ्यात गेली. भिमानं ती पुसली नाही. पुसायला हात वर नेला असता तर तेवढ्यातलं काहीतरी बघायचं राहून गेलं असतं.