आम्ही मुलींना ‘तप’ सांगितलं

“झोपेत तुमचा श्वास थांबतो,” सुरतच्या डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडे वळवला. “एकदा-दोनदा नाही, रात्रभर. असंच चालू राहिलं तर हृदय थकेल.”

मी छत्तीस वर्षांची, वजन एकशे अठरा किलो. दुकानात बसल्या बसल्या माझा डोळा लागायचा. तो आळस नव्हता, ‘स्लीप ॲप्निया’ होता. म्हणजे झोपेत घशाची वाट बंद होऊन श्वास अडकणं. जोडीला शुगर आणि बीपी. डॉक्टर म्हणाले, “डाएट तुम्ही तीनदा करून पाहिलंत. आता ऑपरेशनचा विचार करा. बारीक दिसण्यासाठी नाही, जगण्यासाठी.”

ऑपरेशनचं नाव ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’. जठराचा मोठा भाग दुर्बिणीतून कापून काढतात, उरलेल्याची केळ्याएवढी नळी राहते. थोडं खाल्लं की पोट भरतं. हे मला कळलं. पण परतीच्या गाडीत मिस्टरांनी विचारलं, “मुलींना काय सांगायचं?”

उत्तर सासूबाईंनी शोधलं. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे मला फक्त पातळ पदार्थांवर राहायचं होतं, यकृताची सूज उतरावी म्हणून. सासूबाई म्हणाल्या, “आपल्या घरात तप काय नवीन आहे? मम्मीचं तप चालू आहे, एवढंच सांगा. पोट कापायचं लेकरांच्या कानावर कशाला घालायचं?”

आमचं जैन व्यापारी घर. पणजोबा राजस्थानातून नंदुरबारला आले, मिरचीच्या व्यापारात स्थिरावले. घरात उपवास सुरूच असतात. मला ते खोटं वाटलं नाही, सोयीचं वाटलं.

दिशा दहा वर्षांची. तिने मान हलवली आणि अभ्यासाला बसली. कुहू सहा वर्षांची. तिने विचारलं, “किती दिवस?” मी म्हटलं, “बघू.”

तेव्हापासून कुहू माझ्या मागे मागे फिरू लागली. मी ताक प्यायले की पेल्यात वाकून बघायची. शाळेत जायला नको म्हणायची. मला वाटलं, लाडावली आहे. सुरतला निघताना तिने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. आमच्याकडे मोठ्यांच्या पाया पडतातच, म्हणून मी आशीर्वाद दिला आणि रिक्षात बसले.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डमध्ये चालले, चमच्याने पाणी प्यायले. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप आला. नाडी जोरात धावू लागली, डावा खांदा दुखायला लागला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. ते आदल्या दिवसासारखे हसले नाहीत.

“लीक तर नाही ना, ते बघावं लागेल,” ते म्हणाले. लीक म्हणजे जठराला घातलेल्या टाक्यांतून आतलं पोटात झिरपणं. “सीटी स्कॅन करू. तोवर तोंडाने काही नाही, पाणीसुद्धा नाही. लीक असेल तर कदाचित परत ऑपरेशन करावं लागेल.”

स्कॅनला माझ्या आधी दोन पेशंट होते. मी स्ट्रेचरवर पडून होते, मिस्टर शेजारी उभे. तेवढ्यात घरून व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या सुमनबाई बोलत होत्या.

“भाभी, धाकली काहीच खाई नही ऱ्हायनी. दारमा बसेल शे, तुन्ही वाट देखी ऱ्हायनी.”

मी फोन कुहूला द्यायला सांगितलं. तिचं तोंड सुकलं होतं, पण डोळे कोरडे होते.

“मम्मी, लोक कधी येणार?”

“कोणते लोक, बेटा?”

“दर्शनाला. बडी दादीसाठी आले होते तसे. मी रडत नाहीये, बघ.”

बडी दादी म्हणजे माझ्या सासूबाईंच्या सासूबाई. मागच्या वर्षी, नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी संथारा घेतला होता. संथारा म्हणजे आयुष्याच्या शेवटी हळूहळू अन्न, मग पाणी सोडून शांतपणे देह ठेवण्याचं व्रत. घर माणसांनी भरलं होतं. मुलींना सांगितलं होतं, रडायचं नाही, बडी दादी तप करते आहे.

आम्ही तोच शब्द वापरला होता.

मिस्टरांनी फोनकडे हात नेला. मी नको म्हटलं. मीच बोलले.

“कुहू, ऐक. माझं ते तप नव्हतं. आम्ही तुला चुकीचं सांगितलं. मी आजारी होते. डॉक्टरांनी माझं पोट लहान केलं आहे, म्हणजे मी बरी होईन. मला जगायचं आहे. मी रोज जेवणार आहे, थोडं थोडं.”

“आज जेवशील?”

हो म्हणावंसं फार वाटलं. एका ‘हो’ने ती जेवली असती.

“आज नाही. मला ताप आहे. आता मशीनमध्ये पोटाचा फोटो काढणार आहेत. त्यात काय दिसेल ते मलाही माहीत नाही. कळलं की मी स्वतः तुला सांगेन.”

“खरं?”

“खरं.”

मग ती रडली. मोठ्याने, पोटातून. मागून सासूबाईंचा आवाज आला, “रड बेटा, रड.” त्याही रडत होत्या.

स्कॅननंतर दीड तास कोणी काही सांगितलं नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. शेवटी डॉक्टर आले. “लीक नाही. फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडलेला नाही, ‘एटेलेक्टेसिस’. हे नळीचं यंत्र घ्या, श्वास आत ओढला की यातले तीन छोटे चेंडू वर चढतात. दर तासाला ओढत राहा.” मी आधी कुहूला फोन केला. तिने ‘बरं’ म्हटलं आणि सुमनबाईंकडे खिचडी मागितली.

घरी आल्यावर मी दोघींना पोटावरची पाच छोटी भोकं दाखवली. कुहूने मोजली. दिशा लांबच उभी राहिली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “पप्पांच्या फोनवर मी तो कागद वाचला होता. ऑपरेशनच्या आधी सही करायचा. त्यात जिवाला धोका होऊ शकतो असं लिहिलं होतं.”

“मग विचारलं का नाहीस?”

“तुम्ही सगळे लपवत होतात. म्हणून मीपण लपवलं.”

कुहूने विचारलं म्हणून तिची भीती कळली. दिशा दोन आठवडे गृहपाठ करत होती आणि मी तिला समजूतदार म्हणत होते. तुमच्या घरात असं ऑपरेशन ठरलं असेल तर एवढंच सांगेन: जे मूल काही विचारत नाही, त्याच्याजवळ आधी जाऊन बसा.

तीन महिन्यांनी तपासणीला मी दिशाला बरोबर नेलं. तिने डॉक्टरांना थेट विचारलं, “आता मम्मीच्या जिवाला धोका आहे का?”

डॉक्टरांनी माझी फाइल मिटली आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. “ऑपरेशनचा धोका मागे पडला. गोळ्या आणि खाणं मात्र तिला कायम सांभाळावं लागेल. ते काम तिचं. तुझं काम एकच, मनात आलं की विचारायचं.”

दिशाने लगेच दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. बाहेर पेशंटची रांग होती. तिचे प्रश्न संपेपर्यंत डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं नाही. त्यांनी माझं ऑपरेशन केलं त्याचे आभार मी मानलेच आहेत. पण त्या वीस मिनिटांचे कसे मानायचे, ते मला अजून कळलेलं नाही.