गोजराबाईने बुजवलेली भोकं

आमची थोरली जाऊ गोजराबाई कोणावर विश्वास ठेवील तर शपथ! डॉक्टरने दिलेली गोळीसुद्धा ती आधी नवऱ्याला खायला लावी.

अशा बाईच्या दारासमोर, मुरब्याच्या खाडीच्या तोंडावरच्या जुन्या बुरुजावर, त्रेसष्ट साली सरकारने पाटी ठोकली. बुरूज संरक्षित आहे, धक्का लावाल तर शिक्षा होईल, असं मास्तरने वाचून दाखवलं.

गोजराबाई फणकारली, "इतकी वरसं कोनी राखला? आमी! आन् आताच यांचं प्रेम कसं उतू चाललंय?"

तिचंही खोटं नव्हतं. तिकडे तारापूरला वीज केंद्रासाठी जमिनी मोजत होते. फीत घेतलेला माणूस दिसला की आम्ही दारं लावून घ्यायचो. त्यात खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा. बुरूज नाकासमोर धरला तरच होडी सुखरूप आत येते. तिचा थोरला पोरगा नामदेव आणि माझा दादू एकाच होडीवर जायचे.

चैत्रात सरकारी साहेब आला. त्याने बुरुजाच्या पायथ्याची माती भरलेली भोकं सळईने मोकळी करून घेतली. "ही जुनीच आहेत, आत मुरलेलं पाणी वाहून जायला," असं त्याने चारदा सांगितलं. गोजराबाईने मान डोलावली आणि तो वळताच मला म्हणाली, "हंसा, सुरुंगाची भोकं हायत ही. दारू भरतील आन् दगड नेतील, बघ!"

मला पटलं. का नाही पटणार? आमच्या जन्मात भोक म्हणजे होडीचा घात. होडीच्या फटींत ठोकतात तसा आम्ही दोघींनी कापूस ठोकला, वरून राळ भरली. एकोणीस भोकं! थेंब बाहेर येणार नाही असं काम.

आषाढात सहा दिवस पाऊस झोडपत होता. पाणी आतच तुंबलं, भिंतीचं पोट फुगलं. सातव्या दिवशी भर दुपारी समुद्राकडची अख्खी बाजू खाली आली.

साहेब आला. ढिगाऱ्यातला कापूस हातात घेऊन मटकन खाली बसला. मग पंचनामा लिहायला लागला, की कोणा अज्ञात माणसाने...

"अज्ञात कशाला?" गोजराबाई पुढे झाली. "माजं नाव घाला. मी बुजवली. पन उरलेली भिंत कशी वाचवायची ते सांगा, साहेब. नारळी पुनवेला होड्या जानार हायत. तुमी म्हनाल तसं करतो."

साहेबाने विचारलं, "एकटीने?"

"एकटीने."

मी तिथेच, हाताच्या अंतरावर उभी होते. पालघरच्या कोर्टात ती एकटीच उभी राहिली, आणि मी घरी तिच्या पोरांना जेवायला वाढत होते.