रस्त्याकडची रताळी

हायवेला लागून असलेल्या वावरात रताळी लावणारा माणूस नशिराबादेत एकच, आमचा जीवराम. येणारा-जाणारा उपटून नेतो, तरी हा तिथेच लावणार. यावर गावाने तर्क लढवले; त्यातले चविष्ट माझे.

खरं कारण उत्तमचंदच्या खत-औषधाच्या दुकानात कळलं. जीवराम फवारायला पुन्हा युरिया मागत होता. उत्तमचंदने त्याला एक वेल उपटून आणायला लावला होता. वर भाराभर पाला, खाली उंदराच्या शेपटीएवढी मुळं.

"जीवरामभाऊ, रताळी विकता का पाला?"

"पाला हिरवा पाहिजे."

"बकऱ्या पाळल्या?"

मी म्हटलं, "बसमध्ये कोणी बघणारी असेल."

जीवरामचे कान लाल झाले. "सारिका जाते त्या बसनं. वावर हिरवं दिसलं तर तिले वाटीन, बाप धड हाये."

सारिकाने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा हाच 'पुन्हा पाय ठेवू नको' म्हणाला होता. आता ती जळगावला राहते, नोकरीला भुसावळला जाते.

उत्तमचंदने पालाशची, म्हणजे पोटॅश खताची, पुडी सरकवली. "युरिया बंद. हे फवारा, सोबत थोडं बोरॉन. पाल्याची चमक उतरेल, पण गोडी खाली उतरेल."

जीवराम पुडी उलटीपालटी करत राहिला. मग पुटपुटला, "शिवरात्रीले आली, अन् चुलीत भाजाले धड रताळंच नसलं तर?" आणि पुडी घेऊन गेला.

पाला पिवळसर पडला. गावच्या बातम्या माझ्याकडे असतात, म्हणून सारिकाने मलाच फोन केला.

"नाना, आबाले बरं नाही का? वावर पिवळं पडून राह्यलं."

"तुला गं कसं दिसलं? खिडकीशी बसतेस वाटतं?"

"रोज."

"मग उतर एकदा."

"आबानं बोलवलं पाहिजे."

मी तसाच वावरात गेलो, सगळं सांगितलं. जीवराम बांधावर बसला. हाताने माती उकरली. खाली मनगटाएवढं रताळं.

"तिला सांगू का, पीक चांगलं आहे म्हणून?"

"नको. काळजी करनं सोडून देईन ती."

"मग बोलव की."

तो मातीचं ढेकूळ फोडत बसला.

शिवरात्र झाली. सगळ्यांची रताळी बाजारात गेली, याची अजून जमिनीत. बसच्या वेळेला तो रस्त्याकडे पाठ करून उगाच वेल सावरतो. काल मी सारिकाचा नंबर लावूनच फोन त्याच्यापुढे धरला.

"थांब नाना," तो म्हणाला. "ही एक बस जाऊ दे."