इमामबीचा अपूर्ण कोर्स

आमच्या संस्थेच्या यादीत इमामबीच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असा शेरा आहे. तो मीच लिहिला. बुलढाण्याच्या कचेरीत मी कारकून आहे आणि शेरे लिहिणं हेच माझं काम. या एका शेऱ्याची मात्र मला लाज वाटते, म्हणून तिला विचारून हे लिहितो आहे.

इमामबी वरवट बकालची. चाळिशीतली, दहावी झालेली, बोलायला फटकळ. गुलाबी बोंडअळीनं गावचा कापूस खाल्ला त्या साली तिच्या नवऱ्यानं, कय्यूमनं, जीव दिला. गावाला ते माहीत होतं. तिच्यापुढे कुणी विषय काढत नसे. पुढे ती आमची गावसेविका झाली. घरोघरी जायचं, ज्यांचं मन थाऱ्यावर नाही त्यांच्याशी बोलायचं, गरज पडली तर डॉक्टरकडे न्यायचं, असं तिचं काम.

मग वरून फर्मान आलं. समुपदेशनाचा ऑनलाइन कोर्स पुरा करील तीच सेविका पुढच्या वर्षी कामावर राहील. पुण्यात बसून फर्मान काढायला रेंज लागत नाही. इमामबीच्या मोबाइलला जेमतेम एक काडी यायची, तीही दारात उभं राहिल्यावर. गल्लीत स्लॅबचं घर एकच, शंकररावांचं. त्यांची बायको अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, “ये न आमच्या स्लॅबवर. तिथं टावर भेटते.”

गंमत म्हणजे हेच घर इमामबीच्या भेटींच्या यादीत होतं. बीटीचं बियाणं नवं होतं तेव्हा फवारणीची कटकट गेली म्हणून शंकररावांनी ते सगळ्यांच्या आधी लावलं होतं. आता पुन्हा बोंड फोडावं तर आत अळी. दसऱ्यापासून ते शेतात जाईनासे झाले होते. “काकू, काकाचं कसं हाय?” असं इमामबीनं सहा वेळा विचारलं. अन्नपूर्णाबाईंनी सहाही वेळा “बरं हाय” एवढंच सांगितलं. इमामबीच्या वहीतही सहा वेळा तेच आहे.

कोर्सचा शेवटचा तास परीक्षेचा होता. सेविकेनं स्वतःच्या मनातलं एखादं दुःख सांगायचं, शिकवणाऱ्या शैलजा मॅडमनी मधे न बोलता ऐकायचं, आणि मग उलट. इमामबीनं मोबाइल कठड्याला टेकवला. स्लॅबवरच पलीकडे अन्नपूर्णाबाई उडीद पाखडत होत्या. पडद्यावर मॅडम मान जराशी कलती करून बघत होत्या. इमामबी सांगू लागली.

“त्या दिवशी ते मले म्हणे, आज घरी राह्य, मले बरं वाटून नाई राह्यलं. मी बचत गटाच्या मीटिंगले निघाली होती. म्हणलं, येतेच न घंटाभरात. गेली. मीटिंगमध्ये चहाबी पेली. घरी आली तं सारं संपलं होतं. त्याईनं मले थांब म्हणलं होतं, हे म्या आजलोक कोणाले नाई सांगतलं. मायलेबी नाई.”

पाव तास ती बोलली, रडली. मॅडमनी एकदाही टोकलं नाही. तिचं इतकं शांतपणे आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं, मॅडमची पापणीसुद्धा लवत नाही. रेंज केव्हाच गेली होती आणि मॅडमचं नुसतं चित्र पडद्यावर राहिलं होतं. हे मला सांगताना इमामबी हसत होती. मला हसू आलं नाही.

“घ्या! येवढी बोलली, अन् कोणीच नाई ऐकलं,” ती स्वतःशीच म्हणाली.

“म्या ऐकलं न,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. सूप बाजूला ठेवून त्या जवळ येऊन बसल्या. “इमामबी, फवारणीचा डब्बा म्या ज्वारीच्या कोठीत लपवून ठेवला हाय. चार दिवस झाले, हे घरभर धुंडून राह्यले. अळी मारतो म्हणतेत. अन् शेतात तं जातच नाईत.”

तेवढ्यात मोबाइल वाजला. शैलजा मॅडमच होत्या. “इमामबी, तुम्ही नाव सांगितलंत आणि आवाज गेला. पुन्हा सुरुवात करा. चार वाजता लिंक बंद होईल, मग परीक्षा नाही.” चारला पंधरा मिनिटं होती.

“मॅडम, मले खाली जा लागते,” इमामबी म्हणाली आणि तिनं मोबाइल बंद केला. खाली शंकरराव बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती शेजारी जमिनीवर बसली. “काका, आज मी इथंच हाय. कुठीच नाई जात.” दिवस मावळेपर्यंत ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी ती आणि अन्नपूर्णाबाई त्यांना खामगावला डॉक्टरकडे घेऊन गेल्या.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. शंकररावांनी यंदा हरभरा पेरलाय, आणि तो रानडुकरं खातात म्हणून ते सगळ्या गावाला शिव्या देतात. इमामबी आमच्याकडे नाही. घरं मात्र फिरते.

तेव्हा शेरा लिहिण्याआधी मी तिला फोन केला होता. कारकुनाच्या तोऱ्यात म्हणालो, “अहो, पंधरा मिनिटांचा तर प्रश्न होता. परीक्षा देऊन मग खाली जायचं.”

ती म्हणाली, “पंधरा मिनिटांत काय होते ते मले ठाऊक हाय, साहेब.”