कुमुदताईंचं एक वाक्य

कुणाच्याही घरात गेलं की कुमुदताई आधी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करायच्या, वर आढ्याकडे पाहायच्या आणि मगच खुर्चीवर बसायच्या. पहिल्या भेटीत माझ्या बायकोला वाटलं, बाई घर विकत घ्यायला आल्या आहेत. त्या भूकंपाच्या धोक्याचा अभ्यास करत. कुठली जमीन किती हलेल आणि तिच्यावरची घरं ते किती सोसतील, हे त्यांचं काम. भडगावच्या शेतकऱ्याची ही मुलगी बाहेरगावच्या मोठ्या संशोधन संस्थेत पोचली होती, पण तापीचं खोरं त्यांनी सोडलं नाही. मी जळगावच्या कॉलेजात भूगोल शिकवायचो. सुट्टीत त्यांच्याबरोबर यंत्रं वाहायला मी आनंदाने जाई.

"मला 'कुठे' विचारा, 'किती जोरात' विचारा," त्या विद्यार्थ्यांना बजावत. "पण 'केव्हा' विचारू नका. ते सांगणारा एक तर ज्योतिषी, नाही तर लबाड."

धुळे जिल्ह्यातल्या तापीकाठच्या एका गावात हिवाळ्यात धक्के सुरू झाले. लहानच, पण रोज. ताईंनी शाळेत यंत्र बसवलं. गाव घर सोडून शेतात झोपायला लागलं. पोरं थंडीने खोकत होती. शेवटी ग्रामसभा भरली. तालुक्याहून आलेले साहेब ताईंच्या कानाशी लागले, "मॅडम, दोन शब्द धीराचे बोला."

धक्के खरोखरच कमी होत चालले होते. समोर एक बाई खोकणाऱ्या लेकराला पदरात गुंडाळून बसली होती. ताईंनी माइक घेतला आणि अहिराणीत बोलल्या, "घाबरू नका. बठ्ठा घरमा जपा." म्हणजे, सगळे घरात झोपा. साहेबांनी मराठीत सांगितलं असतं तर लोकांनी कदाचित ऐकलंही नसतं. हे त्यांच्या बोलीत, त्यांच्या लेकीने सांगितलं होतं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

त्याच आठवड्यात पहाटे एक धक्का आला. फार मोठा नव्हता. गावात एकच भिंत पडली, दगाआबांच्या घराची. तिच्याखाली त्यांची बायको, वेणूअक्का, गेली.

संस्थेतल्या वरिष्ठांनी ताईंना समजावलं, "तुमच्या निष्कर्षात चूक नव्हती. धक्के कमी होतच होते."

"निष्कर्षात नव्हती," ताई म्हणाल्या. "तोंडात होती."

आम्ही दगाआबांकडे गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि ताईंकडे पाहून शांतपणे म्हणाले, "ताई, तुमी सांगं म्हनीसन आम्ही घरमा जपनूत. आते तुमीच सांगा, आज कोठे जपू?"

ते टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते. ताई म्हणाल्या, "मले माहीत नही, आबा."

त्यानंतर त्यांनी महिनाभर रजा काढली आणि त्या गावातलं घर न् घर तपासलं. कुठे भिंतीला लाकडी टेकू, कुठे आडव्या पट्ट्या, असं समोर उभं राहून करून घेतलं. पुढे त्या धक्क्यांवरचा त्यांचा शोधनिबंध गाजला. त्याबद्दल बोलायला बोलावलं की त्या आधी आपलं ते वाक्य सांगत, मग आलेख दाखवत. ऐकणारे चुळबुळत. एका तरुण प्राध्यापकाने विचारलं, "मॅडम, हे सांगायची गरज आहे का?" त्या नुसत्या पुढच्या आलेखाकडे वळल्या.

गेल्या वर्षी दगाआबा गेले. तेराव्याला ताई आणि मी गेलो. पंगतीत आबांचा मुलगा पाहुण्यांना कौतुकाने सांगू लागला, "ह्या भूकंपवाल्या ताई. आमच्या गावासाठी फार केलं यांनी."

ताई भरल्या पानावरून उठून उभ्या राहिल्या. "घरात झोपा म्हणून मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमची आई त्यामुळे गेली."

वाढणारे थांबले. मुलाने मान खाली घातली. हातातली वरणाची बादली खाली ठेवली आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, बठ्ठा गावले माहीत शे. बसा. जेवाले बसा."

ताई बसल्या. बट्टी कुस्करली, वरण कालवलं आणि हात तसाच पानात ठेवून राहिल्या. त्यांच्या शेजारी मलाही घास उचलवेना.